चष्म्यातली काशी

"आजी, चपला राहू द्या पायात. इथं काढायची गरज नाही," निळ्या टी-शर्टातली ती मुलगी परत परत सांगत होती आणि माझ्या सासूबाई चपला खुर्चीखाली आणखी आत सारत होत्या.

"काशीला चपला घालून जातंय व्हय कोण?" त्या म्हणाल्या.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रमोदकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये फोटो काढण्यात दंग होता. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी खाली वाकून म्हटलं, "आत्या, पाय गार पडतील हो. इथं एसी आहे."

"पडू देत की. गंगा काय गरम असती?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान, मागे घर. सुट्टीत तन्वीनं, आमच्या मुलीनं, हट्ट धरला म्हणून हायवेवर नव्यानं झालेल्या त्या पार्कात आम्ही गेलो होतो. फाटकावर तिकिटांचा आकडा ऐकून प्रमोद क्षणभर नुसताच उभा राहिला. दशम्यांचा डबा पहारेकऱ्यानं काढून घेतला, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. आत गेल्यावर कळलं, की फाटकावर दिले ते पैसे नुसते फिरायचे. डोळ्यांवर चष्म्यासारखा एक काळा डबा चढवून जिथं पाहिजे तिथं जाऊन यायचं, तर त्याचं तिकीट निराळं. अवकाश होतं, डायनासोर होते, समुद्राचा तळ होता. आणि सगळ्यात शेवटच्या दारावर पाटी होती, 'काशीदर्शन, फक्त सात मिनिटांत.' खाली बारीक अक्षरांत, 'गंगास्नानासह हवे असल्यास दोनशे रुपये जास्त.'

सासरे गेल्यापासून आत्यांचं एकच मागणं होतं, एकदा काशी करायची. प्रमोद कधी नाही म्हणाला नाही. तो म्हणायचा, "जाऊ की." आणि त्याचं 'जाऊ की' म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. कधी लग्नसराई आडवी यायची, कधी तन्वीची परीक्षा, आणि अलीकडे आत्यांचे गुडघे. त्यामुळे ती पाटी दिसताच प्रमोदला घबाड सापडल्यासारखं झालं.

"आई, बघ! काशी! ना गाडीचे धक्के, ना पायऱ्या."

"स्नानासकट घे," आत्या म्हणाल्या. "अर्धीमुर्धी नगं."

त्या घाबरतील म्हणून शेजारच्या खुर्चीत मी बसले. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात नाक मुरडतच बसले होते. पण तो डबा डोळ्यांवर आला आणि माझं सगळं शहाणपण गळून पडलं. मी नावेत होते. पहाट होती. समोर पायऱ्याच पायऱ्या, वर देवळं, आणि पाण्यावर द्रोणांतले दिवे हलत होते. खुर्ची नावेसारखी डुलत होती. मान वळवावी तिकडे नदी. एक कबुतर अंगावर आलं तेव्हा मी चक्क डोकं खाली घातलं. लोक एवढे पैसे मोजून रांगा का लावतात, ते मला तेव्हा कळलं.

मग एका पुरुषाचा घोगरा, गोड आवाज आला. "भाविकहो, काशीला आलेला माणूस आपली एक प्रिय वस्तू गंगामाईला देऊन जातो. जी जिवापाड आवडते, ती इथे सोडा. हात पुढे करा आणि मनात संकल्प सांगा."

ही रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काशीला जायचं आणि एक फळ, नाहीतर एक भाजी कायमची सोडून यायची. माझ्या मावशीनं कारलं सोडलं होतं. ती मुळात कारलं खायचीच नाही, हे गंगेला कोण सांगायला गेलंय? मला तेच आठवून हसू आलं. तेवढ्यात वरून बारीक पाण्याचा फवारा आला आणि स्नान झालं.

डबा काढला तर आत्या अजून हात पुढे करून बसल्या होत्या. ओंजळ धरलेली, ओठ हलत होते. मुलीनं हलकेच त्यांच्या डोक्यावरचं काढून घेतलं. तोंड ओलं झालं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. वाळू दिलं. परत येताना गाडीत तन्वी डायनासोरचं सांगून सांगून दमली आणि त्यांच्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. लग्नाच्या बांगड्या भरायला चार-पाच जणी बसल्या होत्या. आत्या आतून आल्या आणि प्रमोदला म्हणाल्या, "मावंदं कधी घालायचं?"

काशीहून आलं, की गंगेची पूजा करून नातेवाइकांना जेवू घालायचं, ते मावंदं. प्रमोदला आधी कळेना. कळलं तेव्हा तो एवढ्या मोठ्यानं हसला, की हातातली बांगड्यांची नळी काउंटरवर ठेवावी लागली.

"ऐकलंत का? आमच्या आईनं चष्म्यातली काशी केली, आता मावंदं घालायचं म्हणते!"

बायका पोट धरून हसल्या. एक जण म्हणाली, "आजी, जेवण पण चष्म्यातच वाढणार काय?" आत्या थोड्या हसल्यासारख्या झाल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. मावंद्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. गल्लीत मात्र महिनाभर चेष्टा चालली होती, "काय आजी, आज कुठं? काशी का रामेश्वर?"

आणि पार्कातून आलो त्याच संध्याकाळी आमच्या घरातली एक गोष्ट थांबली होती.

ती सांगायची तर श्रीरंगचं सांगायला हवं. श्रीरंग माझा धाकटा दीर. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच तो घर सोडून गेला होता. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात नापास झाला आणि सासऱ्यांनी भर दुकानात, गिऱ्हाईक बायकांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली. तो दुकानाच्या पायऱ्या उतरला तो परत चढलाच नाही. पुढे सासरे गेले. ते त्याला कळवायचं तर कुठल्या पत्त्यावर?

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला आत्या देवापाशी दिवा लावायच्या, दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि खेळायला गेलेल्या पोराला बोलवावं तशी हाक मारायच्या. "श्रीरंगाऽऽ, ये रे घरला!" एकच हाक. मग दार लोटून स्वयंपाकाला लागायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा ती हाक ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. गल्लीतल्या बायका त्या हाकेवर कुकर लावायच्या.

त्या संध्याकाळी आत्या दारात गेल्या, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या. मला वाटलं, एसीनं घसा बसला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

प्रमोदला हायसं वाटलं. "इतकी वर्षं तिला सगळ्यांनी समजावलं. सात मिनिटांत सुटली बघ. पैसे वसूल झाले."

मला तसं वाटलं नाही. त्या हाकेची जागा रिकामी पडली ती मला रोज संध्याकाळी टोचायची. पण मी काय बोलणार? बोलून ती दुखरी जागा उघडी कशाला करायची, म्हणून गप्प राहिले.

दिवाळी उलटली. दुपारची वेळ होती, दुकानात मी एकटीच होते. दाढी वाढलेला, पाठीवर सॅक घेतलेला एक माणूस पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. वर येईना.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"प्रमोद आहे?"

"ते बँकेत गेलेत. कोण तुम्ही?"

"श्रीरंग," तो म्हणाला.

मी ते तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण ते नाव माझ्या कानात इतकी वर्षं मुरलेलं होतं. "या ना भावजी. वर या. आत्या आत आहेत," म्हटलं आणि दुकान तसंच उघडं टाकून त्याला आत नेलं.

आत्या वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली. किती वेळ नुसत्या बघत राहिल्या, कोण जाणे. मग उठल्या. गुडघ्यांचं काही मनात न आणता उठल्या आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. त्याचे कान चाचपले, खांदे चाचपले. तोंड उघडलं, आणि एकदम पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला वाटलं, हुंदका आवरतायत.

"आलास?" एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

"आलो," तो म्हणाला आणि तिथंच खाली बसून लहान मुलासारखा रडला.

रात्री जेवताना प्रमोदनं विचारलं, "मग एकदम कशी आठवण झाली घराची?" त्याच्या बोलण्यात थोडा राग होता आणि मला तो रास्तच वाटला. आत्या आत भाकरी थापत होत्या.

श्रीरंग म्हणाला, "मी बडोद्याला असतो. फरशीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिकडं बेदाण्याची गाडी घेऊन आलेला आपल्या गावचा ड्रायव्हर भेटला. मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, अरे, तुझी आई अजून रोज संध्याकाळी दारात उभी राहून तुझ्या नावानं हाक मारते. मला वाटायचं, दादा, तुम्ही सगळ्यांनी माझं नाव टाकलं असणार. ते ऐकल्यावर मला राहवेना."

प्रमोद बोलायला गेला, "अरे, पण आता ते..." मी ताटाआडून त्याचा पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीरंग सोप्यात बसून राहिला. दिवा लागला. आत्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, परत आल्या, जाता जाता त्याच्या केसांतून हात फिरवला. तिसऱ्या दिवशीही तो तसाच बसला.

आत्यांनी त्याच्यासाठी काय केलं नाही? पुरणपोळी केली, शेंगांची पोळी केली, त्याचे मळके कपडे मला हात लावू न देता स्वतः धुतले. तो झोपला की उशाशी बसून राहायच्या. पण हाक मारायची म्हटलं की "अरे," "हे बघ," "ऐकलंस का." मलाही ते चौथ्या-पाचव्या दिवशी ध्यानात आलं, आणि एकदा आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

एके दुपारी जेवणाच्या वेळी श्रीरंग कुठं दिसेना. मी पानं घेतली होती. आत्या म्हणाल्या, "कुठं गेला गं?" मी म्हटलं, "हाक मारा की, असेल इथंच." त्यांनी परसात पाहिलं, दुकानात डोकावल्या. मग माळ्याच्या शिडीकडे वळल्या. मी नको नको म्हणेपर्यंत, त्या गुडघ्यांनी, एकेक पायरी धरत वर चढल्या. मी मागोमाग गेले. श्रीरंग बांगड्यांच्या खोक्यांमागे भिंतीला टेकून बसला होता. आत्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. धापा टाकत म्हणाल्या, "जेवायला चल."

त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच नजर वळवली.

संध्याकाळी मी दुकान आवरत असताना तो काउंटरपाशी आला.

"वहिनी, आई दादाला प्रमोद म्हणते. तुम्हाला रोहिणी म्हणते. समोरच्यांच्या कुत्र्याला सुद्धा नावानं हाक मारते. मलाच तेवढं का नाही?"

"भावजी, आता वय झालं त्यांचं."

"तसं नाही. मी मुद्दाम माळ्यावर जाऊन बसलो होतो. म्हटलं, आता तरी मारेल. पाय मोडून घ्यायला तयार झाली, पण नाव घेतलं नाही." त्यानं काउंटरवरची धूळ बोटानं पुसली. "बाबांना शेवटचं पाणी पाजायला मी नव्हतो. ते तिनं मनात ठेवलंय. जेवू घालते, ते आलेल्या पाहुण्याला पण घालतात."

"असं नका बोलू."

"मग तुम्ही विचारा तिला."

मी विचारलं. आत्या म्हणाल्या, "काय बी मनात ठेवलं न्हाई मी. माझं लेकरू हाय त्ये," आणि चुलीकडे तोंड फिरवलं. पुढं विचारायची सोयच ठेवली नाही.

रजा संपल्यावर तो निघाला. प्रमोदनं आता परत येत जा म्हणून पाठीवर थाप मारली. स्टँडवर मी आणि आत्या गेलो. श्रीरंग खिडकीशी बसला. आत्यांनी खालून हात वर केला, त्यानं तो धरला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी त्यानं हात सोडला नाही. तो वाट बघत होता. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं, की मीच मनात म्हणत होते, घ्या हो आत्या, एकदा घ्या. गाडी हलली. आत्या दोन पावलं बरोबर चालल्या, मग तळहातानं पत्र्यावर थापट्या मारत राहिल्या. त्या आवाजाला वळून कोण बघणार? स्टँडवर प्रत्येक गाडीला कुणी ना कुणी थापट्या मारतच असतं. तो सरळ समोर बघत गेला.

घरी येताना मला राग आवरेना. रिक्षातच म्हटलं, "आत्या, एक हाक मारली असती तर उतरला असता तो."

"ठावं हाय मला."

"मग?"

"सोडलंय मी त्ये."

"काय सोडलंय?"

"त्याचं नाव. काशीला."

मला वाटलं, यांचं डोकं ठिकाणावर नाही. "कुठल्या काशीला, आत्या?"

"तुमी नेलंतसा त्याच."

"अहो, तो चष्मा होता! पडद्यावरचं चित्र होतं ते!"

"मला काय येड लागलंय?" आत्या शांतपणे म्हणाल्या. "चष्मा हुता, त्ये मला बी कळतं. आपण भिंतीवरच्या फोटूला हार घालतो, तवा देव काय काचंत बसलेला असतो? मनातल्या मनात पूजा केली, तर ती पूजा न्हवं? त्यो बाप्या म्हणाला, जिवापाड आवडतं त्ये सोडा. माझ्यापाशी काय हुतं गं? गोडधोड डॉक्टरनं बंद केलं. आंबा मी त्यो गेल्यापासनं खाल्ला न्हाई. एक त्याचं नाव तेवढं तोंडाला गोड लागायचं. म्हटलं, गंगामाई, हे घे, आन् असंल तिथनं त्याला घरला धाड." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धाडला का न्हाई तिनं?"

रिक्षावाला आरशातून बघत होता.

"मग हे सांगायचं नाही का त्याला? तो समजतोय, तुम्ही अजून रागात आहात."

"प्रमोद हसला तवा दुकानभर बाया हसल्या," त्या म्हणाल्या. "त्यो बी हसला असता तर? माझ्या डोळ्यांम्होरं हसला असता तर मी काय करायचं?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्या, तो का आला माहितीये? तुम्ही रोज हाक मारता, असं त्याला गावच्या ड्रायव्हरनं सांगितलं, म्हणून आला. तुमच्या हाकेनं आला तो. सोडण्यानं नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तसं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बडोद्यापतुर ऐकू गेली म्हणायची," त्या म्हणाल्या. आणि घर आल्यावर उतरता उतरता थांबल्या. "पर मग मी मारत हुते तवा इतकी वर्सं का न्हाई आला? सोडल्यावरच आला की."

मी रिक्षावाल्याचे पैसे दिले.

मी श्रीरंगला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला नाही. मग म्हणाला, "वहिनी, तिला खऱ्या काशीला न्या. पैसे मी पाठवतो. तिथं कुणाला तरी विचारा, सोडलेलं परत घेता येतं का. आणि हो म्हणाले तर तिथूनच मला फोन लावा. लगेच."

या वेळी प्रमोद 'जाऊ की' म्हणाला नाही. त्यानंच यात्रा कंपनीत आम्हा दोघींची नावं घातली. आईला गाडीत बसवताना तो तिच्या पायांशी वाकला, पण माफ कर म्हणायचं त्याला जमलं नाही.

खरी काशी चष्म्यातल्यासारखी नव्हती. गल्लीत शेण, सायकली, माणसावर माणूस. घाटावर धूर होता आणि पाणी गढूळ होतं. आत्या पायऱ्यांवर टेकल्या, चहूकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या पार्कात लई पुसूनपासून ठेवली हुती."

पण त्यांचे डोळे हलत नव्हते पाण्यावरून.

यात्रा कंपनीनं मराठी बोलणारे एक गुरुजी ठरवून दिले होते. वयस्कर, किडकिडीत, घाई नसलेला माणूस. पूजा झाली. आता काय सोडता, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "आधी एक इचारायचं हाय. सोडलेलं परत मिळतं का?"

गुरुजींनी असा प्रश्न कधी ऐकला नसावा. मी सगळं सांगितलं. पार्क, चष्मा, फवारा, सगळं. ते मध्ये एकदाही हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

"आजी," ते म्हणाले, "तो खेळ होता. तिथं तीर्थ नाही, मंत्र नाही. तुमचा भाव खरा, पण संकल्प गंगेपर्यंत पोचलाच नाही. तुम्ही मोकळ्या आहात. खुशाल घ्या लेकराचं नाव."

"म्हंजे गंगामाईनं माझं काय घेतलंच न्हाई?"

"नाही, आजी. काहीच नाही."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी पर्स उघडून फोन काढला आणि श्रीरंगला लावला. एका रिंगमध्ये त्यानं उचलला.

"काय म्हणाले?"

"सुटल्या, भावजी! मोकळ्या झाल्या. थांबा, त्यांच्याकडेच देते."

मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तिकडून त्याचं "आई? आई, बोल ना" मला बाहेर ऐकू येत होतं. आत्या ऐकत राहिल्या. त्यांचे ओठ उघडले.

"बरा हाईस न्हवं?" त्या म्हणाल्या. "जेवलास? खोकला-बिकला न्हाई ना? ... बरं. बरं हाय." आणि फोन माझ्या हातात दिला.

"आत्या! घ्या ना नाव. गुरुजी म्हणाले ना..."

"त्येच तर," त्या हळूच म्हणाल्या, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड माझ्या कानाशी आणून. "हिनं माझं काय घेतलंच न्हाई, म्हंजे त्यो मला फुकट मिळालाय. फुकट आलेलं टिकतं व्हय गं? एकदा गेला हुता त्यो." त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उभ्या राहिल्या. "आता हितं देते. हितलं पोचंल."

मी त्यांचा पदर धरला. त्यांनी तो अलगद सोडवून घेतला, रागानं नाही. गुरुजी काही म्हणायला पुढे झाले आणि थांबले. आत्या एकेक पायरी उतरत गुडघाभर पाण्यात गेल्या. ओंजळ भरली. पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे ओठ हलले की नाही ते मला दिसलं नाही.

फोन माझ्या हातात सुरूच होता.

"वहिनी? वहिनी, आई कुठंय?"

"गंगेत उतरल्यात," मी म्हटलं.

"बरं, येऊ दे वर," तो म्हणाला. "मी थांबतो."